मुकादमाची पाठ आणि दयारामचे पाय

मी धानगिरणीत हमाल होतो, मग हमालांचा मुकादम झालो. पस्तीस वर्षं लोकांचं धान पाठीवर वाहिलं आणि त्या पस्तीस वर्षांत 'पाठ दुखते' हे एकदाही तोंडातून काढलं नाही. आजवर हे मी छाती काढून सांगत आलो. आता छाती काढता येत नाही, उजव्या बाजूची एक बरगडी तडकून जुळलेली आहे आणि ती ओढते. ती कशी तडकली तेच सांगायला बसलो आहे.

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले तेव्हा म्हणाले, "मुकादम, कामाचे अनुभव लिहा." मी म्हटलं, काम सोडून आठ वर्षं झाली, आता माझ्यापाशी एकच काम आहे, आजार. ते म्हणाले, "मग तेच लिहा, वाचणाऱ्यांना उमेद येईल." उमेद माझ्यापाशी नाही. ज्याला पाहिजे असेल त्यानं पानं उलटावीत, पुढं कुठं तरी राशिभविष्य असेलच. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिलेलं शाळेच्या मास्तरांना दाखवलं. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं, मग मजकुरातही हात घालू लागले, तेव्हा कागद ओढून घेतला.

ज्यांनी तांदूळ फक्त ताटात पाहिला त्यांच्यासाठी आमचा धंदा सांगतो. आमच्याकडे धानाचा एक कट्टा चाळीस किलोचा. मोहाडीच्या आजूबाजूच्या गावांतून धान यायचं. ट्रकातून उतरवून गोदामात थप्पी लावायची, म्हणजे कट्ट्यावर कट्टा रचत छतापर्यंत न्यायचं. थप्पी उंच झाली की तिला लाकडी फळी टेकवतात. त्या फळीवरून कट्टा घेऊन चढायचं. नवा माणूस कट्टा मानेवर घेतो आणि आठ दिवसांत मान धरून घरी बसतो. जुना माणूस दोन खांद्यांच्या मधी घेतो, खाली दुपट्ट्याची घडी ठेवतो आणि गुडघ्यातून उठतो. फळीवर थांबायचं नाही. मागून दुसरा कट्टा घेऊन येत असतो, त्याला तुमच्या विचारांशी घेणं नसतं.

दुखायचं सगळ्यांनाच. पण टोळीत ते बोलायची रीत नव्हती. एकानं दुखते म्हटलं की त्याच्या वाटचे कट्टे बाकीच्यांच्या पाठीवर जायचे. म्हणून जो बोलेल त्याची अशी थट्टा करायची की पुन्हा त्यानं तोंड उघडू नये. ही थट्टा करण्याचं काम मुकादमाचं. मी ते फार मन लावून केलं.

त्या बदल्यात एक सोय होती. काम सुटलं की पाठ तुडवून घ्यायची. माणूस पोत्यावर पालथा झोपतो, दुसरा त्याच्या पाठीवर उभा राहतो, वर बांधलेली दोरी हातात धरून आपला भार कमी-जास्त करतो. मणका सोडून दोन्ही बाजूंनी टाचा फिरवायच्या. खालच्याच्या तोंडून जो आवाज निघतो त्याला कोणी हसत नाही. टोळीत कण्हायची परवानगी तेवढ्याच वेळेपुरती.

हे तुडवायचं काम दयाराम करायचा. दयाराम आधी फळीवरचा माणूस होता, माझ्याच वयाचा, माझ्याच गावचा. एका हंगामात, गिरणीबाहेर ट्रकांची रांग लागलेली असताना, तो फळीच्या खाली कट्टा ठेवून म्हणाला, "मुकादम, कंबर धरली. दोन दिवस हलकं काम द्या."

मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "कंबर धरली? नाचाले जाऊन राहिला काय गा?"

टोळी हसली. झाडणाऱ्या बायाही हसल्या. एकानं फळीवर दोन ठेके धरून दाखवले. दयारामनं दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि जाऊन कट्ट्यांची तोंडं शिवायला बसला. दाभण आणि सुतळीचं काम. त्यानंतर त्यानं कट्टा उचलला नाही आणि मीही त्याला उचल म्हटलं नाही. बसून बसून अंगातलं मांस उतरलं, तो वजनानं हलका झाला, मग पाठी तुडवायला तोच बरा, असं टोळीनं ठरवलं. पुढं कितीतरी वर्षांनी भंडाऱ्याला त्याच्या पाठीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरनं त्याला सांगितलं की मणक्याला जुनी चीर आहे. हे त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, "असं काय." आणि चहा प्यायलो.

आता आजाराचं. आतड्यात गाठ निघाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग डॉक्टर म्हणाले, आठ वेळा सलाईनमधून औषध द्यावं लागेल, दर तीन आठवड्यांनी एक. आठ खेपा. मी मनात म्हटलं, एवढ्याच?

भेटायला येणारे सुरू झाले. माझा साडू आला, दोन ताटल्या पोहे खाल्ले आणि आपल्या गावात याच आजारानं कोण कोण गेलं त्यांची नावं घेतली. मग म्हणाला, "पन तुमचं तसं नाही." एक जण दिघोरीहून झाडाच्या सालीची भुकटी घेऊन आला आणि सांगितलं, दवाखाना सोडून फक्त हीच घ्या. मी विचारलं, "तुमच्या घरी कोनाले गुण आला?" तो म्हणाला, आमच्या घरी अजून कोणाला झाला नाही. भुकटी मी त्यालाच परत दिली, म्हटलं, ठेवा, कामात येईल.

सलाईन देणाऱ्या खोलीत एकसारख्या खुर्च्या असतात. हात लांब करून बसायचं, थेंब मोजायचे. माझ्यासोबत सून यायची, संगीता. ती बारावी शिकली आहे, कागद तिला वाचता येतात आणि माझ्या आवाजाला ती घाबरत नाही. दर वेळी सिस्टर यायची आणि विचारायची, "बाबाजी, दुखते का? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. सांगा, किती?"

मी म्हणायचो, "शून्य."

"नक्की?"

"मी हमाल हाये, पोरी."

सिस्टर कागदावर शून्य लिहायची. संगीता माझ्याकडे पाहायची, मी सलाईनकडे.

खरं काय होतं ते आता सांगतो. औषध घेतलं की चार-पाच दिवस थंड वस्तूला हात लावता येत नव्हता. पितळेचा लोटा धरला की बोटांतून वीज गेल्यासारखं व्हायचं. साध्या पाण्याचा घोट घेतला तर घशात कोणी पंजा दाबल्यासारखं. मी घरी सांगितलं, मला आता कोमट पाणीच आवडते. बायकोनं वरून खालपर्यंत पाहिलं. भर उन्हाळ्यात मडक्याचं पाणी सोडून कोमट पाणी आवडणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. बोटं सुन्न, पायाचे तळवे सुन्न. आणि सुन्न असूनही ते जळतात, हे कसं असते ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या खेपेनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून पोटावर इंजेक्शनं दिली. त्यानं पेशी वाढल्या असतील, पण हाडं बोलायला लागली. कंबर, पाठ, मांड्या. कट्ट्याचं दुखणं वरून येते, मांसात येते, आणि माहीत असते की झोपलो की उतरेल. हे हाडाच्या आतून. कोणी आत बसून दाभणानं शिवून राहिला आहे आणि त्याला घाई नाही. बसलो तरी तेच, निजलो तरी तेच. शौचाला जाताना भिंत धरायचो आणि बायको दिसली की भिंत सोडायचो.

डॉक्टरला सांगावं, असं एकदाही मनात आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण दुखते म्हटलं तर हा औषध बंद करेल, आठपैकी तीनच खेपा झाल्या असं गावात होईल, असं वाटलं. अर्ध्या फळीवरून कट्टा खाली टाकणारा माणूस मी नाही. मी माझ्या धंद्यातला इलाज काढला.

बायको मोहाडीच्या बाजाराला गेलेली, संगीता अंगणवाडीत, मुलगा ड्युटीवर. मी दयारामला बोलावणं पाठवलं. तो आला, दारात चप्पल काढली, मला पाहून म्हणाला, "मुकादम, तुमी तं अर्धे झाले."

"पाठ तुडव."

"डॉक्टरले इचारलं?"

"त्याले काय इचारतो? त्यानं कधी कट्टा उचलला काय?"

"तरी बी..."

"दया, तू तुडवतो का मी दुसऱ्याले बोलावू?"

दुसरा कोणी नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. पण इतकी वर्षं माझं ऐकायची त्याला सवय. त्यानं म्याल्याला, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाला, दोरी बांधली, ओढून पाहिली. मी गोधडीवर पालथा झालो. त्यानं आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. दोन पावलं टाकली आणि थांबला.

"मुकादम, पाठ वेगळी लागून राहिली. पायाले हाडच लागते जी. मांस गेलं कोठी?"

"तू दाब."

"मी उतरतो."

"दाब म्हनलं ना!"

त्यानं दाबलं. आतून 'कट' असा आवाज आला. तो दयारामनंही ऐकला आणि मीही. मी म्हटलं, "बसली नस. शाबास." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते गोधडीनं पिऊन टाकलं. दयाराम चहा न घेता गेला.

दोन दिवसांत पाठ जांभळी झाली. मग काळी. मी बंडी घालून आंघोळ करायला लागलो. घरचे म्हणाले हे काय नवीन, मी म्हटलं थंडी वाजते. कोमट पाण्यानंतर आता हे. चौथ्या खेपेला नागपूरला गेलो. सिस्टर छाती तपासायला म्हणून सदरा वर करू लागली, मी हात धरला, तिनं सोडवला. हमालाचा हात सिस्टरनं सोडवला, हेही लिहून ठेवतो.

तिनं पाठ पाहिली. बाहेर गेली आणि दुसऱ्या सिस्टरला घेऊन आली. मग डॉक्टर आले, त्यांच्या मागून एक मॅडम आली, गळ्यात ओळखपत्र, आवाज साखरेसारखा.

"बाबाजी, घरी कोण कोण असतं?"

सांगितलं.

"जेवायला वेळेवर देतात ना?"

"देतात."

"घरी कोणी हात उचलतं का? घाबरू नका. आम्ही आहोत."

"मॅडम, घरी लोक मलेच घाबरतात."

"असं सगळेच सांगतात," ती म्हणाली, आणि संगीताला बाजूच्या खोलीत घेऊन गेली.

मला वाटलं, जरासं विचारतील आणि सोडतील. पण अर्धा घंटा झाला. दार थोडं उघडं होतं. संगीताचा आवाज आला, "मामाजींनी मले पाठ दाखवलीच नाही हो, मले माहीतच नाही." मग रडण्याचा आवाज. खुर्च्यांवर बसलेले लोक थेंब मोजायचं सोडून दाराकडे पाहू लागले. माझ्या शेजारी पेन्शनवाला बाबू बसायचा, तो आपल्या बायकोला म्हणाला, "सून आहे. तोंडावरूनच दिसते."

जी पोरगी तीन खेपांपासून भंडाऱ्याहून उभ्यानं बस धरून माझ्या पिशव्या सांभाळत येत होती, तिच्या तोंडावर हे दिसते म्हणे. मी शेजारचा सलाईनचा रिकामा दांडा हातात धरला, खुर्चीवरून उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मुकादमी आवाजात ओरडलो, "तिनं नाही मारलं. मी तुडवून घेतलं!"

डॉक्टर म्हणाले, "काय घेतलं?"

मग दोरी, गोधडी, टाचा, सगळं सांगावं लागलं. डॉक्टर तरणे होते. आधी त्यांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. मग राग आला, तो नाही गिळला. फोटो काढला, बरगडीला चीर. रक्त तपासलं, प्लेटलेट कमी. रक्त गोठवायचं काम त्या प्लेटलेट करतात, म्हणून सगळी पाठ काळी पडली, असं त्यांनी समजावलं. खेप पुढं ढकलली. माझी कधी खेप चुकली नव्हती.

"किती दुखत होतं, काका?"

"होतं जरा."

"पाठीवर माणूस उभा करण्याइतकं?"

मी सदरा खाली ओढला.

"त्या इंजेक्शननं हाडं दुखतात. बऱ्याच जणांची दुखतात. त्यावर गोळी आहे."

"गोळी हाये?" मी विचारलं. "मंग आधी काहून नाही देल्ली?"

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "तुम्ही शून्य सांगितलं. हे पाहा. शून्य. शून्य. शून्य."

गोळीनं दुखणं पार गेलं असं नाही, पण अर्ध्याच्या वर उतरलं. दुखणं डोक्यावर चढण्याआधी वेळेवर घ्यायची, एवढीच तिची अट. एवढ्याशा गोळीसाठी मी बरगडी दिली. असा सौदा आमच्या शेठनंही कधी केला नसता, आणि तो तर दसऱ्याला बोनस म्हणून हमालांना मालिशच्या तेलाची बाटली देणारा माणूस.

मग डॉक्टरांनी सरळ विचारलं, "आणखी काय लपवलंय?"

इथं मी चूक केली. पाठीची चूक मूर्खपणाची होती, ही चूक समजून-उमजून केली. तळव्यांचं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण समोर दोन सिस्टर, साखरेच्या आवाजाची मॅडम, डोळे सुजलेली सून आणि पेन्शनवाला बाबू कान लावून. एका दिवसाला एवढी बेअब्रू पुरे, असं वाटलं. मी म्हटलं, "काही नाही."

भंडाऱ्याला बसमधून उतरताना संगीता म्हणाली, "मामाजी, तुमच्या शून्यापायी लोक माझ्यावर थुंकले असते."

बरगडीची बातमी गावात फिरली. दयारामनं माझ्या गल्लीतून जायचं सोडलं. समोरून आलो तर तो दुकानात शिरायचा, मग ते चपलांचं दुकान असो की बांगड्यांचं. खेप पुढं ढकलली होती, त्या दिवसांत मी त्याच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता. उठला आणि म्हणाला, "मुकादम, माझ्या पायानं तुमची बरगडी मोडली. मले झोप नाही."

"तू नाही मोडली. तू उतरतो म्हनला होता."

"पन उतरलो नाही ना."

माफी मागायला मी गेलो नव्हतो, ती मला जमत नाही. पण बसलो आणि विचारलं, "दया, तेव्हा तुही कंबर कशी दुखत होती गा?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग सांगायला लागला. फळी चढताना डावा पाय कसा ओढायचा. शिवायला बसल्यावर उठता यायचं नाही म्हणून तहान लागली तरी पाणी कसा पीत नव्हता. घरी बायको पायात चप्पल कशी घालून द्यायची. घंटाभर सांगितलं. तेवीस वर्षांचं घंटाभरात सांगितलं म्हणजे त्यानंही आखडतंच घेतलं. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी तुमी हासले नसते तं मी आनखी दोन वर्सं कट्टा उचलला असता, अन् मंग खाटेवरच गेलो असतो. म्हनून तसं बरंच झालं."

मला ते बरं वाटावं म्हणून तो बोलला. मला ते बरं वाटलं नाही. पण चहा आला, तो दोघांनी घेतला.

पुढच्या खेपा सुरू झाल्या. हाडांचं मी सांगायचो, चार, पाच, एकदा सात सांगितलं तर सिस्टरनं टाळीच वाजवली. तळव्यांचं मात्र सांगत नव्हतो. खेप सहावी झाली, सातवी झाली. आता एकच राहिली, ओढून नेऊ. सातवीनंतर एका सकाळी बस स्टँडवरून घरी चालत आलो. संगीतानं नुकतंच अंगण सारवलं होतं. ती दारात आली आणि माझ्या मागं अंगणात पाहत राहिली. "मामाजी, तुमची चप्पल?"

खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता आणि सारवणावर रक्ताचे छापे माझ्या मागून दारापर्यंत आले होते. चप्पल चौकातच निघून पडली होती, टाचेत काचेचा तुकडा होता आणि मला चौकापासून घरापर्यंत यातलं काहीच कळलं नव्हतं.

संगीता रागावली नाही. तिनं पाय मांडीवर घेतला, काच काढली, धुतलं, बांधलं. मला ते दिसत होतं, लागत नव्हतं. मग ती म्हणाली, "आता हे तुमी सांगता का मी सांगू?"

डॉक्टरांनी तळव्याला सुई लावून पाहिली. डोळे मिटून सांगा म्हणाले, टोचतं का. मी म्हटलं, टोचवा तर. ते म्हणाले, टोचवून झालं. मग ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चौथ्या वेळी सांगितलं असतं, तर त्यातलं एक औषध कमी केलं असतं. थांबवलंही असतं. इलाज बंद झाला नसता, काका. नसा मात्र वाचल्या असत्या." आठव्या खेपेत ते औषध त्यांनी काढून टाकलं. म्हणजे मी ज्याला घाबरत होतो तेच झालं, आणि कोणाचं आभाळ कोसळलं नाही.

इलाज संपून आता वर्ष होत आलं. गाठ परत दिसलेली नाही. पाय मात्र आहेत तसे आहेत. संध्याकाळी तळवे पेटतात, त्यासाठी वेगळी गोळी आहे. ती घेतली की गुंगी येते, पण पाय शांत होतात. रोज एक वेळ खाटेवर बसून दोन्ही तळवे आरशात पाहायचे, कुठं काटा, कुठं फोड. अनवाणी फिरायचं नाही, मागून पट्टा असलेली चप्पल घालायची. आंघोळीच्या पाण्यात आधी बायको कोपर घालून पाहते, मग मी. शेक घेऊ नये, कातडी भाजली तरी कळत नाही. रोज थोडं चालायचं, खाली पाहून. आणि पाठ कोणाकडूनही तुडवून घ्यायची नाही. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, माझं स्वतःचं यात काहीच नाही. माझं स्वतःचं होतं ते वर लिहिलं.

मागच्या महिन्यात तपासणीला बायको सोबत आली. म्हणाली, काय सांगतात ते मलेच ऐकायचं हाये, तुमच्यावर भरोसा नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कसं आहे?" आणि मी सुरू झालो. तळवे, बोटं, सदऱ्याचं बटण लागत नाही ते, बरगडी ओढते ते, सकाळी पहिली दहा पावलं कशी जातात ते. ट्रक खाली करावा तसं सगळं उतरवलं. बाहेर रांगेतले लोक दार वाजवायला लागले. डॉक्टर लिहीत होते. शेवटी म्हणाले, पायाचं थोडं सुधारेल, पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही.

बाहेर आलो. पायऱ्या उतरताना मला प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाहावी लागते, म्हणून मी हळू उतरत होतो. अर्ध्यात पाहिलं तर बायको माझ्याहून मागं. कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरत होती.

"तुले काय झालं व?"

"गुडघे."

"कधीपासून?"

"तुमच्या गाठीच्या आधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी कधी इचारलं?" ती म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

दुसऱ्या दिवशी तिला मोहाडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नको नको म्हणत होती, घरी भात टाकायचा आहे म्हणत होती. चिठ्ठी काढली, नंबर आला. आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, किती दुखतात गुडघे?"

बायकोनं पदर सावरला, माझ्याकडे न पाहता हसली आणि म्हणाली, "काही नाही जी, असंच जरासं."

मी स्टुलावरून उठलो. "मॅडम," मी म्हटलं, "तुमी ते लिहू नका. खोटं बोलून राहिली ते."